इसब : दोष रक्ताचा की भिंतीचा?

लहानपणी माझ्या कोपराच्या घडीत इसब उठलं की आजी म्हणायची, "रक्त बिघडलंय." मग वांगं बंद, कारल्याचा रस सुरू. खाज तशीच.

आजी एकटी नव्हती बरं का. 'एक्झिमा' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ उकळून वर येणं. म्हणजे आतलंच काहीतरी उतू येतंय! १९३३ मध्ये वाइज आणि सल्झबर्गर यांनी 'अटॉपिक डर्मटायटिस' हे नाव रूढ केलं. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो हे दाखवलं. मग २००६ मध्ये डंडीच्या संशोधकांच्या लक्षात आलं, की बऱ्याच रुग्णांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातच बिघाड असतो. त्यामुळे त्वचेची भिंत गळकी होते. ओलावा बाहेर जातो, धूळ-साबण आत शिरतात.

कॉलेजात असताना मी मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइड मलम स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने चोपडलं. कातडी पातळ झाली. आता डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस स्टिरॉइड, आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, रोज. खाज अजूनही येते. पण रक्ताला दोष देणं थांबलंय.