लँगरहॅन्सची बेटे

फळ्यावर स्वादुपिंडाचे चित्र काढताना आपण आत थोडे ठिपके देतो आणि शेजारी ‘लँगरहॅन्सची द्वीपके’ असे लिहितो. हा लँगरहॅन्स कोण, हे मात्र सांगायचे राहून जाते.

पॉल लँगरहॅन्स हा बर्लिनमधील वैद्यकाचा विद्यार्थी. १८६९ साली, वयाच्या २१व्या वर्षी त्याने सशाच्या स्वादुपिंडावर प्रबंध लिहिला. पाचकरस तयार करणाऱ्या पेशींच्या दाटीत त्याला मधूनमधून लहान, फिकट पेशींचे पुंजके दिसले. त्यांचे काम काय, हे आपल्याला सांगता येत नाही, असे त्याने सरळ लिहून टाकले. (आपल्या परीक्षेत अशा उत्तराला किती गुण मिळतील?)

पुढे १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. त्यांना पाहायचे होते पचन. पण कुत्रा वारंवार लघवी करू लागला. लघवीला माशा लागल्यामुळे शोध लागला, ही गोष्ट बहुधा रचलेली आहे. मिन्कोव्स्कीने लघवी तपासली आणि तीत भरपूर साखर सापडली. कुत्र्याला मधुमेह झाला होता.

पण तो पाचकरस बंद झाल्यामुळे, की आणखी कशामुळे? स्वादुपिंडाची नलिका नुसती बांधली, तर असा मधुमेह होत नसे. मग स्वादुपिंडाचा एक तुकडा कुत्र्याच्या त्वचेखाली बसवून उरलेले सारे काढले. तरीही मधुमेह नाही! तो तुकडा काढताच मात्र झाला. म्हणजे स्वादुपिंड काहीतरी थेट रक्तात सोडते, हे उघड झाले. १८९३ साली फ्रान्समधील लागेस याने ते काम या पुंजक्यांचे असावे असे सुचवले, आणि त्यांना लँगरहॅन्सचे नाव दिले. लँगरहॅन्स तोवर हयात नव्हता. १८८८ साली वयाच्या ४०व्या वर्षी तो मदेरा येथे वारला; योगायोगाने तेही बेटच.

हा स्राव मिळवायचा कसा? ही बेटे स्वादुपिंडाचा जेमतेम एकदोन टक्के भाग. ग्रंथी कुटली की पाचक विकरे या प्रथिनाचाच फडशा पाडत. नलिका बांधल्यास पाचक पेशी झिजतात, बेटे टिकतात. या निरीक्षणावरून १९२० साली बँटिंगला कल्पना सुचली. १९२१च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग व बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. गंमत अशी, की नलिका बांधण्याची गरज नव्हतीच. अल्कोहोल वापरून अख्ख्या ग्रंथीतूनही इन्सुलिन निघते, हे पुढे दिसून आले.

त्या काळी मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत; मरण थोडे लांबे, इतकेच. लिओनार्ड थॉम्पसन या मुलाचे वजन जेमतेम ३० किलो उरले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला दिलेला अर्क अशुद्ध निघाला, फारसा गुण आला नाही. कॉलिपने तो शुद्ध केला. २३ जानेवारीपासून पुन्हा टोचल्यावर रक्तातली साखर झपाट्याने उतरली. लिओनार्ड आणखी १३ वर्षे जगला.

अशा मुलांच्या बेटांना होते तरी काय, हे कळायला १९६५ साल उजाडले. बेल्जियममधील गेप्ट्स याने मधुमेहाने लवकरच दगावलेल्या तरुण रुग्णांची स्वादुपिंडे तपासली. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी दहा टक्क्यांहूनही कमी उरल्या होत्या, आणि अनेक बेटांभोवती शरीराच्याच पांढऱ्या पेशींचा वेढा पडलेला होता.