राखणीचा पगार

गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर लोक जातात ते तिथल्या विहिरी बघायला. 1844 साली याच गडाच्या गडकऱ्यांनी सरकारी माणसांच्या तोंडावर दरवाजे लावून घेतले होते, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. कुणी सांगितलंच तर 'इंग्रजांविरुद्धचा उठाव' एवढ्यावर भागतं. मला मात्र त्या उठावामागचं कारण जास्त विचारात पाडतं. ते अगदी घरगुती आहे हो. पगार!

गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारी माणसं. दरवाजा, तट, पहारा, आसपासच्या मुलखाचा बंदोबस्त हे त्यांचं काम आणि त्या बदल्यात कसायला जमीन. खालच्या गावांतून शेतसनदी असत, तेही तसेच. सनद मिळाली की शेत मिळालं आणि बोलावणं आलं की हत्यार घेऊन हजर व्हायचं. दर महिन्याला कुणापुढे हात पसरायला नको की दरवर्षी मंजुरीची वाट बघायला नको. बापाच्या जागी मुलगा उभा राहिला की झालं.

1840 च्या दशकात कोल्हापूरचे राजे अज्ञान होते. इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडितांना कारभारी नेमलं. त्यांनी कारभार नीट लावायला घेतला, त्यात गडकऱ्यांच्या जमिनीही मामलेदारांच्या देखरेखीखाली आणल्या. कचेरीत बसून पाहिलं तर यात वावगं काही नाही. सगळा हिशेब एका ठिकाणी आला, एवढंच. पण गडावरच्या माणसाला काय दिसलं असेल? आज जमीन मामलेदाराच्या वहीत गेली, उद्या तिथे रोख पगाराचा शिपाई येईल, परवा आपण ना गडाचे ना शेताचे.

जुलै 1844 मध्ये सामानगड आणि भुदरगड बंडात उतरले. वणवा कोल्हापुरात पोचला, खुद्द दाजी पंडितांनाच कैद झाली. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या हाती सापडले आणि त्यांना पन्हाळ्यावर ठेवलं गेलं. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरच्या सुरुवातीला पन्हाळा. मग गडांची बांधकामं पाडायचं काम निघालं. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्यातच गेला. बंड मोडायला आलेला खर्चही कोल्हापूर संस्थानाच्याच माथी मारला. म्हणजे राखणदार गेले, गड गेले आणि वर बिलही आपल्याच नावावर!

इथवर वाचून कुणाला वाटेल, काय छान होती जुनी वतनं. थांबा जरा. त्याच मुलखात, गडाखालच्या प्रत्येक गावात आणखी एक वतन होतं, महार वतन. गावाची शीव दाखवणं, चौकीपहारा, चोराचा माग, सरकारी खजिन्यासोबत चालत जाणं, टपाल पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं... यादी संपत नाही. जमीन तुटपुंजी, वाटेकरी अनेक, आणि तेवढ्याशा तुकड्यापायी सगळं घर आठी प्रहर सरकारच्या आणि गावाच्या बोलावण्याला बांधलेलं. गडकऱ्याला जे वतन आधार वाटलं, तेच इथे गळ्यातला दोर होतं.

तो दोर कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 मध्ये कापला. वतन रद्द केलं, पण जमिनी काढून घेतल्या नाहीत, रयतावा करून त्याच लोकांच्या नावे केल्या. जमीन राहिली, वेठ गेली. मला यातली खरी हुशारी इथे दिसते. त्याच वर्षी त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड या जमातींवरची हजेरीही बंद केली. जे लोक गावाची राखण करायचे, त्यांनीच रोज चावडीवर जाऊन 'आम्ही चोरी केली नाही' हे दाखवायचं, असा तो उलटा न्याय होता. शेजारच्या मुंबई इलाख्यात मात्र डॉ. आंबेडकरांना 1928 मध्ये वतनाच्या सुधारणेसाठी विधेयक आणावं लागलं, आणि ही कनिष्ठ वतनं जायला 1958 चा कायदा यावा लागला.

पुढे 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने आजचा पोलीस पाटील आला. वंशपरंपरा गेली हे उत्तमच झालं. आता नेमणूक प्रांताकडून आणि हाती मानधन. ते मानधन वाढावं म्हणून निवेदनं देऊन, मोर्चे काढून पोलीस पाटील थकले. मार्च 2024 मध्ये सरकारने ते 6,500 वरून 15,000 रुपये करायचं ठरवलं. बाकी पोलिसांच्या गाड्या, वायरलेस, हत्यारं यांना केंद्राची पोलीस आधुनिकीकरण योजना 1969-70 पासून पैसे देते आणि जिल्हा वार्षिक योजनेतूनही काही मिळतं. गावाला कॅमेरे हवे असतील तर तिथेच अर्ज.

असा एक प्रस्ताव लिहून द्यायची पाळी मध्यंतरी माझ्यावर आली. गावाचं नाव राहू द्या. ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, पोलीस ठाण्याचं पत्र, सगळं जुळलं. घोडं अडलं ते एकाच प्रश्नावर: पुढचं लाईट बिल आणि दुरुस्ती कुणाची? कॅमेरे सरकार देईल, ते चालू ठेवायचे गावाने. गडकऱ्याचं बरोब्बर उलटं होतं. त्याच्या पोटाची सोय सरकारने केलेली असे, तलवार त्याची त्याने आणायची. आता तलवार मिळते, पोटाचं विचारू नका.

बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी ठरलं की दर घरामागे सुगीला थोडी वर्गणी काढायची. ठरावात याला 'देखभाल निधी' असा भारदस्त शब्द मी घातला. मागच्या बाकावरचे एक आजोबा तो ऐकून हसले आणि शेजारच्याला म्हणाले, "अरं, म्हंजे बलुतंच की!"