फळ्यावरची कविता कोणाची?

२०२० च्या जुलैमध्ये आमच्या रत्नागिरीच्या घरात एक छोटा खटला चालला. आरोपी माझी आई. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्या वर्षी तिच्याकडे चौथीचा वर्ग होता. शाळा बंद, मुलं आपापल्या वाडीत, आणि मी वर्क फ्रॉम होम म्हणून पुण्याहून घरी आलेलो. निसर्ग वादळाला महिना होऊन गेला होता, तरी रेंज रुसूनच होती. अशात आईने मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून कवितेचा एक तास रेकॉर्ड केला. मुलांना चाल कळावी म्हणून मध्ये एका जुन्या गाण्याचा पाऊण मिनिटाचा तुकडा लावला. मी तो व्हिडिओ एका साइटवर चढवला. दहाव्या मिनिटाला नोटीस आली: यात कॉपीराइट असलेलं साहित्य सापडलं आहे, आवाज बंद करण्यात आला आहे.

आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे मी चोरी केली का रे?"

सव्वीस वर्षं फळ्यावर कविता लिहून देणाऱ्या बाईचा हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येईना. ही नोटीस कुठल्या माणसाने पाठवलेली नसते, हे मला माहीत होतं, कारण असल्याच कामावर माझं पोट आहे. कंपन्या आपल्या गाण्यांचे ध्वनिठसे साइटकडे देऊन ठेवतात आणि चढवलेल्या प्रत्येक व्हिडिओशी ते ताडून बघितले जातात. ठसा जुळला की नोटीस सुटते. समोर चौथीचा वर्ग आहे की लग्नाचा डीजे, हे त्या प्रोग्रॅमला विचारलेलंच नसतं. पण कायद्याला ते विचारलेलं आहे का? त्या रात्री मी वाचायला बसलो आणि पार शंभर वर्षं मागे गेलो.

तेव्हा रत्नागिरीची मुलं मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसायची. इंग्रजीच्या अभ्यासाला एकदा नॉर्थने केलेलं प्लुटार्कच्या 'अलेक्झांडरचं चरित्र' या पुस्तकाचं भाषांतर लागलं. भाषांतर सोळाव्या शतकातलं, त्यामुळे कोणाच्या मालकीचं नव्हतं. मॅकमिलन कंपनीने १९१८ साली त्याची शालेय आवृत्ती काढली. मूळ मजकूर चाळीस हजार शब्दांच्या आसपास. शाळकरी मुलांना नकोत असे भाग गाळून त्यांनी तो निम्म्यावर आणला आणि मागे टिपा जोडल्या. पुढे मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनीही आपलं पुस्तक बाजारात आणलं. त्यात बहुतेक तेच उतारे होते, टिपाही बऱ्याच तशाच. मॅकमिलन कोर्टात गेली. भांडण मुंबई हायकोर्टातून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं आणि १९२३ च्या अखेरीस निकाल लागला. मॅट्रिकच्या पुस्तकासाठी सातासमुद्रापार वकील उभे राहिले, यावरून या धंद्यात तेव्हाही किती पैसा असेल बघा.

प्रिव्ही कौन्सिलने मजकूर आणि टिपा वेगवेगळ्या तोलल्या. दुसऱ्याच्या जुन्या मजकुरातून उतारे निवडायचे आणि दोनचार शब्दांनी जोडायचे, एवढ्यावर त्या मजकुराची मालकी मिळत नाही, असं न्यायमूर्ती म्हणाले. टिपा मात्र कोणीतरी डोकं चालवून, कष्टाने लिहिलेल्या होत्या. त्यांवर हक्क आहे, आणि कूपर यांनी तो मोडला. आज कॉपीराइट शिकणारा भारतातला विद्यार्थी हा निकाल वाचतोच. मला मात्र त्यात दप्तरातलं गाईड दिसलं. धडा सगळ्यांचा आणि गाईड छापणाऱ्याचं, ही वाटणी इतकी जुनी आहे.

हा वाद ज्या कायद्याखाली चालला तो १९११ चा ब्रिटिश कायदा. १९१४ च्या कायद्याने तो आपल्याकडे लागू झाला होता. त्यात शाळांसाठी एक फट ठेवलेली होती. शाळेसाठी एखादा संग्रह काढताना, त्यातला मोठा भाग बिनमालकीचा असेल, तर हयात लेखकांचे छोटे उतारे परवानगीशिवाय घेता येत. पण एका लेखकाचे दोनच, तेही एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत, आणि कुठून घेतलं ते छापून. स्वातंत्र्यानंतर आपण १९५७ साली स्वतःचा कॉपीराइट कायदा केला, त्यात हे कलम जवळपास तसंच आलं आणि आजही आहे. लेखकाचे दोन उतारे, पाच वर्षं. हा हिशेब कोणत्या साहेबाने कोणत्या टेबलावर बसून ठरवला असेल याचं मला फार कुतूहल आहे.

त्याच काळात, १९२४ ते १९३० या वर्षांत, आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचा एक माणूस खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होता. साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढायचे, 'छात्रालय दैनिक'. ना छापखाना, ना प्रती. एक कागद, तो मुलांनी वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा. शिक्षकाच्या हातातून मजकूर मुलांपर्यंत जाण्याची याहून सरळ वाट मला सुचत नाही. त्या कागदावर हक्क कोणाचा, हा प्रश्न वसतिगृहात कोणाच्या मनातही आला नसेल.

पण त्याच गुरुजींचं पुस्तक पुढे कायद्याच्या कॅलेंडरमध्ये सापडलं. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ११ जून १९५० ला गुरुजी गेले. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क राहायचा, म्हणजे २००० साल संपलं की पुस्तक सगळ्यांचं व्हायला हवं होतं. मध्ये आले रवींद्रनाथ टागोर. ते १९४१ साली गेले, म्हणून १९९१ संपताच त्यांचं साहित्य विश्वभारतीच्या हातून सुटणार होतं. सरकारने त्या डिसेंबरात घाईने अध्यादेश काढला, १९९२ मध्ये कायदा बदलला आणि मुदत साठ वर्षांची केली, सगळ्यांसाठीच. कलकत्त्यातल्या ठाकुरांमुळे पालगडचा श्याम आणखी दहा वर्षं थांबला. १ जानेवारी २०११ ला तो मोकळा झाला. मी तेव्हा शाळेत होतो आणि आई आमच्या वर्गाला नाही, तरी तिच्या वर्गाला दर शनिवारी 'श्यामची आई' वाचून दाखवायची. त्या शनिवारी आणि त्याच्या आधीच्या शनिवारी कायद्याने काय फरक पडला, हे तिला कळलंही नाही.

आणि कळायची गरजही नव्हती. १९५७ च्या कायद्यातल्या कलम ५२ मध्ये एक लांबलचक यादी आहे, कॉपीराइटचा भंग न ठरणाऱ्या गोष्टींची. आपण सगळे ज्याला 'फेअर यूज' म्हणतो तो अमेरिकेतला शब्द. तिथे कोर्ट प्रत्येक वेळी चार कसोट्या लावून बघतं. आपल्याकडे 'फेअर डीलिंग' आहेच, पण वर्गासाठी वेगळी, थेट सूट आहे: शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत काढली तर तो भंग नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा दिला तरी नाही, उत्तरपत्रिकेत लिहिला तरी नाही. सुरुवातीला ही सूट साहित्य, नाटक, संगीत आणि चित्रांपुरती होती. २०१२ च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही कृती' असे शब्द आले. म्हणजे ध्वनिमुद्रणही. म्हणजे आईचा तो पाऊण मिनिटाचा तुकडासुद्धा.

याच यादीत गॅदरिंगचीही सोय आहे आणि ती वाचून मी मोठ्याने हसलो. शाळेत शिक्षक आणि मुलांनी नाटक केलं तर चालतं, मात्र प्रेक्षक कोण? शाळेतले लोक, मुलांचे आईबाप आणि शाळेच्या कामाशी संबंध असलेली माणसं. कोकणात गॅदरिंगला आख्खी वाडी लोटते. मुंबईहून आलेला चाकरमानी, शेजारच्या वाडीतली आजी, वडापाववाला, सगळे. अत्र्यांचं नाटक बसवलं तर त्यावरचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे, पु. लं.चं घेतलं तर २०६० संपेपर्यंत. सुदैवाने पुढे आणखी एक ओळ आहे: हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला तरी चालतो. कायदा करणाऱ्यांपैकी कोणीतरी नक्कीच गावाकडचा असणार.

या सुटीची खरी परीक्षा झाली ती दिल्लीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. प्राध्यापक वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं नेमून द्यायचे आणि दुकानदार त्यांचे गठ्ठे बांधून विकायचा. इंजिनिअरिंगला आपणही हेच केलंय, फक्त आपण पूर्ण पुस्तकच झेरॉक्स करायचो. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. ज्यांच्या पुस्तकांसाठी हे चाललं होतं त्यांतलेच काही लेखक प्रकाशकांच्या विरोधात गेले. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना दावा मागे घ्यायला सांगितलं.

१६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, असं त्यांनी लिहिलं. निकालातली माझी आवडती जागा वेगळी आहे. ते स्वतःच्या विद्यार्थिदशेबद्दल लिहितात. तेव्हा मुलं वाचनालयात तासन्‌तास बसून पानं हाताने उतरवायची. मग झेरॉक्स आलं, आता मोबाइलचा कॅमेरा आहे. हाताने उतरवणं गुन्हा नव्हता, तर तेच काम यंत्राने केलं म्हणून गुन्हा कसा होईल? हे वाचताना मला आमच्याकडचं १८२८ पासून चालू असलेलं नगर वाचनालय आठवलं. किती पिढ्यांनी तिथे बसून वह्या भरल्या असतील.

डिसेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रकरण थोडं आवळलं. किती टक्के पानं काढली याला महत्त्व नाही, शिकवण्यासाठी तेवढी लागत होती का एवढंच बघायचं, असं त्यांनी सांगितलं आणि ते तपासायला दावा पुन्हा खाली पाठवला. शिकवणं म्हणजे वर्गातला तासच नव्हे, सत्रभर चालणारी सगळी प्रक्रिया, हेही मान्य झालं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. परवाना देणाऱ्या संस्थेचं अपील त्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला.

'लागत होती का' ही कसोटी मला पटते, कारण ती दोन्हीकडे चालते. शिक्षकांच्या ग्रुपवर कोणी आख्खी नवी कादंबरी पीडीएफ करून टाकतं तेव्हा ते शिकवणं नसतं. मराठीत एखादी आवृत्ती खपायला वर्षं लागतात, त्यात लेखकाच्या हाती काय पडतं ते सांगायला नको. माझ्या जुन्या लॅपटॉपवर असल्या पीडीएफची एक फोल्डरभर गर्दी आहे. तिला कलम ५२ चा आधार नाही, हे मला कबूल आहे.

आईला मी हे सगळं जेवताना सांगितलं. तू चोरी केली नाहीस, कायदा तुझ्या बाजूने आहे. पण लगेच पुढचंही सांगावं लागलं. ती सूट आहे प्रत काढायची. जगातल्या कोणालाही दिसेल अशा साइटवर व्हिडिओ ठेवणं याला कायदा वेगळं नाव देतो, जनतेपर्यंत पोचवणं, आणि शिक्षकाच्या सुटीत ते शब्द नाहीत. तिथे वर्गाची भिंत कुठे समजायची याचं सरळ उत्तर कलमात मिळत नाही. दिल्लीतल्या गठ्ठ्यांना निदान एक आवार होतं.

"मग तुझं ते खुलं कशाला ठेवलंस?" आई म्हणाली. "माझी पोरं तेवीसच आहेत."

मी साइटवरून व्हिडिओ काढला. आक्षेपाचा अर्ज भरायचा विचार होता, पण तिला त्यात रस नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने कविता स्वतःच्या आवाजात म्हणून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मागे पाऊस आणि कोंबडा दोन्ही ऐकू येत होते. दोन मुलांच्या घरी फोन नव्हता. त्यांच्यासाठी तिने फुलस्केपवर कविता मोठ्या अक्षरांत दोनदा लिहून काढली, खाली कवीचं नाव लिहिलं आणि मला गाडी काढायला सांगितली.