'कावा' : एका शब्दाची रपेट

मराठी माणसाच्या तोंडी 'कावा' हा शब्द बहुधा दोन रूपांत येतो. 'गनिमी कावा' म्हटले की ऊर अभिमानाने भरून येतो. 'कावेबाज' म्हटले की कपाळाला आठी पडते. एकाच शब्दाच्या वाट्याला एकीकडे मुजरा आणि दुसरीकडे दूषण का यावे, हे समजून घेण्यासाठी रणांगणाआधी पागेत डोकावावे लागते.

कोशकार 'कावा' हा शब्द फारसी मानतात. चाबुकस्वार मध्यभागी उभा राहून लांब दोरीवर घोड्याला वर्तुळात दौडवीत असे, ती फेरी म्हणजे कावा. अशा फेऱ्यांनी तयार झालेला घोडा भरधाव असतानाही स्वाराच्या इशाऱ्यासरशी आखूड जागेत वळतो. मराठीत हा मूळ अर्थ विरळ झाला असला, तरी हिंदीत 'कावा काटना' म्हणजे चक्कर मारणे, आणि नजर चुकवून दुसरीकडून निसटणेही. ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी वाचकाला शब्दाची ही विसरलेली बाजू शेजारच्या भाषेतच सापडते.

'गनीम' हा शब्द मूळचा अरबी. लुटारू, शत्रू असा त्याचा अर्थ. मोगल दरबारचे फारसी इतिहासकार मराठ्यांना हिणवून गनीम म्हणत. शत्रूने दिलेली ही शिवी मराठ्यांनी आपल्याच युद्धपद्धतीचे नाव म्हणून मिरविली.

या पद्धतीचे लखलखीत उदाहरण म्हणजे १७२८ ची पालखेडची मोहीम. निजाम-उल्-मुल्क पुण्याच्या रोखाने उतरला असता बाजीराव त्याच्यासमोर उभे ठाकले नाहीत. जालना, वऱ्हाड, खानदेश, गुजरात असा प्रचंड वळसा घेऊन त्यांनी निजामाच्याच मुलखाला धाक घातला. त्यांना गाठण्याच्या घाईत निजामाने आपला अवजड तोफखाना मागे टाकला आणि पालखेडजवळ तो अन्नपाण्यावाचून कोंडला गेला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठे रण न माजविता साधलेला हा विजय पाहिला, म्हणजे काव्याचे मर्म कळते. थोडक्या फौजेने माणसे राखावयाची, आणि लढाईचे स्थळ व वेळ स्वतः ठरवावयाची. पालखेडच्या या मोहिमेत मल्हारराव होळकर व राणोजी शिंदेही होते.

तेच मल्हारराव पुढे उत्तरेच्या स्वारीत तोफा व बुणगे मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे या मताचे होते, असे सांगितले जाते. सदाशिवरावभाऊंची भिस्त इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर होती. त्यांचा हा विचार निराधार नव्हता. त्याच तोफखान्याने १७६० साली उदगीरला यश दिले होते. परंतु बायकामुले, यात्रेकरू आणि तोफा यांच्यासह पानिपतावर खिळलेल्या सैन्याला वळणे उरले नाही. पालखेडला ज्यांनी शत्रूची रसद तोडली होती, त्यांचीच रसद येथे तुटली. १४ जानेवारी १७६१ चा घात सर्वज्ञात आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि युद्धाची रीत पालटू लागली. तरीही १८०४ साली यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत मागे रेटीत नेले, ते प्रामुख्याने घोडदळाच्या जोरावर. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात जनरल लेकच्या घोडदळाने रात्रभर मजल मारून फर्रुखाबादजवळ पहाटे त्यांची छावणी गाठली. कावा कोणा एकाची मिरास नव्हता, हे त्या पहाटेने दाखविले.

पुढे घोडदळाचे दिवस सरले. पागा ओस पडल्या, आणि घोड्यावाचून उरलेला 'कावा' केवळ डोक्यातला झाला. वळण गेले, वाकडेपणा तेवढा राहिला. 'कावेबाज' ही निंदा ठरली. याचा एक दुष्परिणाम इतिहासाच्या वाचनावर होतो. आजचा हीन अर्थ मनात धरून कोणी गनिमी काव्याला निव्वळ दगाबाजी समजतो, तर कोणी त्याचा बचाव मांडीत बसतो. दोघांनाही शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक असता, तर हा वाद पुष्कळसा अनावश्यक ठरला असता. विश्वास देऊन घात करणे आणि वेगाने वळून शत्रूला थकविणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. 'कावा' हे मुळात दुसरीचे नाव होय.

ग्रंथालयाच्या कपाटातील कोश एरवी अडलेल्या शब्दापुरताच उघडला जातो. परंतु असा एखादा शब्द मुळापर्यंत वाचला, तर पूर्वजांविषयीचा एक गैरसमज दूर होऊ शकतो.