हौशी वादिकेचें ऋण

‘हौशी’ हा शब्द आपण बहुधा किंचित् हंसूनच उच्चारतों. हौशी नट, हौशी गवई, हौशी कवि असें म्हटलें कीं, जुजबी तयारीची आणि बेताच्या कुवतीची मूर्ति मनापुढें उभी राहते. कलेचा इतिहास लिहिणारेही बहुधा याच समजुतीचे असल्यामुळें अशा माणसांना त्यांच्या ग्रंथांत जागा मिळालीच, तर ती तळटीपेंत मिळते. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ती अपुरी आहे, हें दाखविण्यास एलीझ हॉल या अमेरिकन बाईंचें चरित्र पुरेसें आहे.

बाईंच्या वाद्याविषयीं प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत. सॅक्सोफोन ही अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराची निर्मिति. तिचें पेटंट त्यानें १८४६ सालीं पॅरिस येथें घेतलें. या वाद्याचें अंग पितळेचें. पण फुंकण्याच्या टोकाशीं क्लॅरिओनेटप्रमाणें वेताची एकच पातळ पट्टी असते. त्यामुळें पितळी वाद्याचा जोर आणि लांकडी वाद्याचा मृदुपणा हे दोन्ही गुण त्यांत एकत्र आले. लष्करी बँडांनीं त्याचें स्वागत केलें, परंतु प्रतिष्ठित वाद्यवृंदांनीं त्यास सहसा उंबरठ्याच्या आंत घेतलें नाहीं. बिझेनें १८७२ सालीं ‘लार्लेसियेन’ या नाटकाच्या संगीतांत त्याचा उपयोग केला, तो अपवादच समजावयाचा. पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयांत सॅक्स १८५७ पासून हें वाद्य शिकवीत असे. तो वर्ग १८७० सालीं बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला तो १९४२ सालीं, मार्सेल म्यूल यांच्या हाताखालीं. विद्यालयाचें दार बंद असलेल्या या बहात्तर वर्षांतच एलीझ हॉल यांचें कार्य घडलें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

बोस्टनशीं संबंध असलेल्या एका सधन घराण्यांतील या बाईंचा जन्म १८५३ सालीं पॅरिस येथें झाला. पति डॉ. रिचर्ड हॉल हे शस्त्रवैद्य. कॅलिफोर्नियांतील सँटा बार्बरा येथें संसार चालला असतां, चाळिशीच्या सुमारास, बाईंनीं हें वाद्य हातीं घेतलें. ऐकूं कमी येऊं लागल्यावर सुषिरवाद्यानें कानास गुण येईल, असा सल्ला पतीनेंच दिला, अशी हकीकत पूर्वापार सांगितली जाते. पति १८९७ सालीं वारले. पुढें बोस्टन येथें बाईंनीं आपल्या पैशानें आणि परिश्रमानें हौशी वादकांचा ‘ऑर्केस्ट्रल क्लब’ चालविला. त्याच्या अध्यक्ष त्या स्वतः. संचालक मात्र त्यांनीं कसलेला निवडला. बोस्टनच्या नामांकित वाद्यवृंदांतील ओबोवादक जॉर्ज लाँजी यांच्या हातीं त्यांनीं क्लबाचीं सूत्रें दिलीं.

आतां अडचण उभी राहिली ती निराळीच. वाद्य आहे, वादिका आहे, वृंदही आहे. पण वाजवावयाचें काय? सॅक्सच्या हयातींत त्याच्या स्नेह्यांनीं कांहीं रचना केल्या होत्या. परंतु वृंदाबरोबर वाजविण्याजोगें, नांवाजलेल्या रचनाकारांचें साहित्य जवळजवळ नव्हतेंच. धंदेवाईक वादक अशा वेळीं दुसरें वाद्य धरतो, कारण त्यास पोट असतें. हौशी माणसास हा पर्याय सुचत नाहीं. बाईंनीं रचनाकारांना मोबदला देऊन नव्या रचना मागविल्या. लफ्लर (१९००), दँदी (१९०३), काप्ले, श्मिट (१९१८) अशांच्या मिळून वीसच्या आसपास रचना या एका बाईंच्या मागणीमुळें जन्मास आल्या.

यांतच देब्युसीचें प्रकरण येतें. त्यानें मोबदला आगाऊ घेतला, खर्चून टाकला आणि काम पुढें ढकलण्यास आरंभ केला. बाईंच्या तगाद्याची त्यानें आपल्या पत्रांतून थट्टा केली. १९०४ सालीं बाईंनीं पॅरिस येथें दँदीची रचना स्वतः वाजविली, तेव्हां गुलाबी पोषाखांतील स्त्रीनें असलें बोजड वाद्य फुंकावें, हेंच त्यास हास्यास्पद वाटलें. त्याची बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. वाद्य त्याच्या परिचयाचें नव्हतें, आणि मागणीबरहुकूम स्फूर्ति येत नाहीं. ‘रॅप्सोडी’ ही त्याची रचना १९१८ सालीं त्याच्या मृत्यूपर्यंत आराखड्याच्याच स्वरूपांत राहिली. वृंदासाठीं तिची पूर्तता रोजे-द्युकास यानें केली व १४ मे १९१९ रोजीं ती पॅरिसमध्यें प्रथम वाजली. तो पहिल्या वादनाचा मान बाईंना लाभला नाहीं. १९२४ सालीं त्या वारल्या.

कोणी म्हणेल, यांत पैशापलीकडे काय आहे? आमचें उत्तर असें, कीं धनिक आश्रयदाते पुष्कळ होऊन गेले. पण उतारवयांत नवें वाद्य शिकून, कान दगा देत असतां, परक्या शहरांत पारखी श्रोत्यांपुढें उभे राहणारे थोडे. त्या थोर वादिका होत्या असा दावा आम्ही करीत नाहीं, आणि तसा तो करण्याची गरजही नाहीं. विहिरीस पाणी लागतें तें तहानलेल्यानें खणल्यामुळें; तो कुशल बेलदार होता कीं नाहीं, हें पाणी पिणारे विचारीत नाहींत.

असो. जॅझमुळें हें वाद्य पुढें जगभर गाजलें, आणि आपल्या चित्रपटांच्या गाण्यांतूनही तें घरोघर पोंचलें. त्याच्या अभिजात साहित्यांत आज देब्युसीची ती ‘रॅप्सोडी’ आदरानें वाजविली जाते. ज्या तगाद्यास तो हंसला, त्या तगाद्यावांचून ती लिहिली गेली नसती. यापुढें ‘हौशी’ हा शब्द उच्चारतांना आपलें हंसूं थोडें आवरलें, तरी या बाईंच्या ऋणाचा कांहीं अंश फिटेल, असें आम्हांस वाटतें.