छावणीच्या मातीतील संसार

लष्कराचा इतिहास म्हणजे मोहिमांचा, लढायांचा आणि तहांचा इतिहास, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. शालेय पुस्तकांनी ती दृढ केली आहे आणि बखरकारांनाही तो दोष थोडाबहुत लागू पडतो. परंतु कोणतेही सैन्य वर्षातून लढते ते मोजके दिवस. उरलेले दिवस ते राहते. राहणे म्हणजे खाणेपिणे, पादत्राणे झिजविणे, हिशेब लिहिणे, आजारी पडणे, उसने पैसे मागणे आणि दूरच्या माणसांची आठवण काढणे. सैन्याच्या या राहण्याची नोंद दरबारी लेखक क्वचितच ठेवतात. ती ठेवते छावणीची माती. ही साक्ष किती बोलकी असू शकते आणि ती ऐकल्यावर आपल्या प्रचलित कल्पनांना कोठे मुरड घालावी लागते, याचा विचार आम्ही येथे एका रोमन छावणीच्या आधारे करणार आहोत.

ही छावणी म्हणजे उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्बरलंड परगण्यातील विंदोलांडा. सम्राट हेड्रियन याच्या आज्ञेने इ. स. १२२ पासून जी प्रसिद्ध भिंत उभारली गेली, तिच्या किंचित दक्षिणेस हे ठिकाण आहे. भिंतीचा पायाही घातला गेला नव्हता तेव्हा, म्हणजे इ. स. ८५ च्या सुमारास, येथे पहिला लाकडी कोट उभा राहिला. तेथे राहणारे सैनिक रोम शहरातले नव्हते. आजच्या बेल्जममधील तुंग्री आणि ऱ्हाईन नदीच्या मुखाकडील बटावी या जमातींतून उभारलेल्या त्या पलटणी होत्या. साम्राज्याने जिंकलेल्या एका टोकाच्या लोकांनी दुसऱ्या टोकाच्या लोकांवर पहारा करावा, ही रीत त्या काळीही जुनीच होती.

विंदोलांडाचे भाग्य तेथील चिखलात आहे. एक पलटण निघून गेली की जुना लाकडी कोट पाडला जाई, त्यावर माती आणि हरळीचे थर घातले जात आणि नव्या पलटणीसाठी नवा कोट बांधला जाई. असे थरावर थर चढले. खालच्या थरांत पाणी मुरलेले राहिले आणि हवा पोहोचली नाही. हवेवाचून जिवाणूंचे काम थांबते, आणि एरवी दहापाच वर्षांत कुजून जाणारे लाकूड, कातडे आणि कापड तेथे एकोणीस शतके टिकून राहिले. अन्यत्र उत्खनकाच्या हाती खापरे, नाणी आणि लोखंडाचे गंजलेले तुकडे येतात. येथे रोजच्या वापरातील सारा संसारच हाती आला.

एरिक बर्ली या इतिहाससंशोधकाने १९२९ साली ही जागा विकत घेतली. १९७० मध्ये उत्खननासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली, आणि १९७३ च्या मार्च महिन्यात एरिकचे पुत्र रॉबिन बर्ली यांना पाण्याच्या निचऱ्यासाठी चर खणताना लाकडाच्या पातळ ढलप्या सापडल्या. दोन ढलप्या एकमेकींस चिकटलेल्या होत्या. त्या उलगडताच आत शाईची अक्षरे दिसली, आणि हवा लागल्यावर ती पाहता पाहता पुसट झाली. पुढे अवरक्त किरणांच्या साहाय्याने छायाचित्रे घेतल्यावर अक्षरे पुन्हा प्रकट झाली. ॲलन बोमन आणि डेव्हिड थॉमस या पंडितांनी त्यांचे वाचन सिद्ध केले. भूर्ज आणि तत्सम झाडांच्या, एकदोन मिलिमीटर जाडीच्या आणि साधारणपणे टपालाच्या कार्डाएवढ्या या पट्ट्या म्हणजे त्या छावणीचे कागदपत्रच होते. आजवर अशा दीड हजारांहून अधिक पट्ट्या मिळाल्या आहेत.

त्यांतील एक हजेरीपट पाहण्यासारखा आहे. १८ मे रोजी पहिल्या तुंग्री पलटणीची संख्या ७५२ होती, त्यांत शतकाधिपती ६. त्यांपैकी ४५६ माणसे कामगिरीवर बाहेर गेलेली होती. एकट्या कोरिया या ठाण्यावर ३३७. छावणीत हजर होते २९६. त्यांतले १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. कामास योग्य उरले २६५ आणि त्यांवर एकच शतकाधिपती. साम्राज्याच्या सीमेवर हजार खड्गे सदैव उपसलेली असतात, हे चित्र या एका पट्टीने पुसले जाते. जखमींपेक्षा डोळे आलेल्यांची संख्या अधिक आहे, ही गोष्ट कोणत्याही विजयस्तंभावर कोरली गेली नसती.

दुसऱ्या पट्ट्या याहून घरगुती आहेत. एका पत्रात कोणाला तरी पायमोजे, चपलांचे दोन जोड आणि आतल्या चड्ड्यांचे दोन जोड पाठविल्याचे कळविले आहे. मास्क्लुस नावाचा घोडदळाचा नायक नवव्या बटावी पलटणीचा सेनापती फ्लावियुस सेरिआलिस यास उद्याचा हुकूम विचारतो आणि शेवटी जोडतो की, आमच्या शिपायांजवळ बिअर उरलेली नाही, ती पाठविण्याची आज्ञा व्हावी. एका हिशेबात गॅम्बॅक्स नावाच्या सैनिकाने दोन दिनारांचे मिरे घेतल्याची नोंद आहे. हे मिरे मलबारच्या किनाऱ्यावरून निघून तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र ओलांडून त्या थंड, पावसाळी टेकडीवर पोहोचले होते. त्या काळी रोमन पायदळातील पूर्ण नागरिक असलेल्या शिपायाचा वार्षिक पगार ३०० दिनार होता आणि पलटणीतल्या परकी शिपायाचा त्याहून कमी. तरीही त्याने मिऱ्यांवर पैसा खर्चिला. जिभेची आवड मनुष्याला किती दूरच्या व्यापाराशी जोडते, याचे हे लहानसे पण निर्विवाद प्रमाण होय.

छावणीभोवती केवढी उलाढाल चाले, हे ऑक्टावियुस या पुरवठादाराच्या पत्रावरून कळते. त्याने पाच हजार मापे धान्याचा सौदा केला आहे. निदान ५०० दिनार ताबडतोब आले नाहीत तर विसारादाखल दिलेले सुमारे ३०० दिनार बुडतील आणि आपली नाचक्की होईल, असे तो लिहितो. कातडी आणावयाची राहिली आहेत, कारण रस्ते खराब असताना जनावरांना त्रास देणे त्याला बरे वाटले नाही. पेठेतील कोणत्याही अडत्याचे पत्र याहून वेगळे नसते. आणखी एका पट्टीच्या मागील बाजूस समुद्रापलीकडून आलेल्या एका निरपराध माणसाचा अर्ज आहे. आपणास छड्यांनी मारण्यात आले, याविरुद्ध त्याने दाद मागितली आहे. त्याला न्याय मिळाला की नाही, याचा निर्णय मातीत नाही. परंतु तक्रार करण्याइतका विश्वास त्याला वाटत होता आणि तक्रार करावी लागण्याइतका अन्याय तेथे होत होता, या दोन्ही गोष्टी त्या एकाच पट्टीने सिद्ध होतात.

तथापि आमच्या मते विंदोलांडाची सर्वांत महत्त्वाची साक्ष कागदपत्रांची नसून पादत्राणांची आहे. तेथे पाच हजारांहून अधिक जोडे सापडले आहेत. रोमन कायद्याप्रमाणे सामान्य शिपायास लग्न करण्याची मोकळीक नव्हती. हा निर्बंध दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सेप्टिमियुस सेव्हेरुस या सम्राटाच्या काळी सैल झाला, असे मानले जाते. म्हणून छावणीच्या तटाच्या आत केवळ पुरुष राहत, हा सिद्धांत दीर्घकाळ निःशंकपणे शिकविला गेला. सेनापतीच्या वाड्यात स्त्रिया असणे नियमबाह्य नव्हते. सेरिआलिसची पत्नी सुल्पिसिया लेपिडिना तेथे राहत होती, आणि दुसऱ्या ठाण्यावरील क्लॉडिया सेव्हेरा हिने तिला ११ सप्टेंबर रोजी आपल्या वाढदिवसास बोलाविले होते. पत्र लेखनिकाच्या हातचे, पण शेवटच्या स्नेहाच्या ओळी सेव्हेराने स्वतः लिहिल्या. स्त्रीच्या हातचे लॅटिन अक्षर म्हणून ज्ञात असलेल्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. येथवर सिद्धांतास धक्का लागत नाही. परंतु स्त्रियांच्या आणि मुलांच्या मापाचे जोडे शिपायांच्या बराकींतही मिळू लागले, तेव्हा तो टिकेना. काही लहान मापे पोरसवदा नोकरांची असतील, हा आक्षेप योग्यच आहे. पण तान्ह्या मुलांच्या जोड्यांना तो लागू पडत नाही. कायदा म्हणत होता की शिपायास कुटुंब नाही. चिखल म्हणाला की आहे. इतिहासकाराने अशा वेळी चिखलाचे ऐकावे.

शिक्षकवाचकांसाठी आणखी एक वस्तू मुद्दाम सांगतो. सेनापतीच्या वाड्याच्या परिसरातील एका पट्टीवर व्हर्जिलच्या ‘एनिड’ महाकाव्याच्या नवव्या सर्गातील एक ओळ वळणदार अक्षरांच्या प्रयत्नाने उतरविलेली आहे. तिच्यापुढे दुसऱ्या हस्ताक्षरात ‘आळशी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाची पहिली अक्षरे आहेत, असे वाचले जाते. गुरुजींचा शेरा म्हणून तो ओळखण्यास अडचण पडू नये. साम्राज्याच्या त्या टोकालाही मूल पुस्ती गिरवीत होते आणि मास्तर असमाधानी होते. लाकडाची खेळण्यातली तलवारही तेथे मिळाली आहे. बाप खरी तलवार घेऊन पहाऱ्यावर गेला असता मुलगा घरी कोणती घेऊन खेळत असेल, हे सांगावयास बखरकाराची आवश्यकता नाही.

आता या साक्षीचा आपल्या इतिहासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आम्हांस तो निकटचा वाटतो. मराठी इतिहासलेखनात ‘बुणगे’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या पराभवाची कारणे सांगताना बाजारबुणगे, बायकामुले आणि यात्रेकरू यांचे लटांबर हे एक कारण नेहमी पुढे केले जाते, आणि त्यामागे असे गृहीत असते की खरे शिस्तबद्ध सैन्य कुटुंबे आणि बाजार बरोबर बाळगीत नाही. रोमन सैन्य तर शिस्तीचा आदर्श मानले गेलेले. पण त्याच्याही छावणीत बायका होत्या, मुले होती, अडते होते आणि उधारी होती. मुक्कामाची छावणी आणि चालते लष्कर यांत भेद आहे, हे आम्ही विसरत नाही. विंदोलांडाच्या पाठीशी धान्याचा पुरवठा आणि रस्ता होता. पानिपतच्या छावणीची वाट तुटली होती, आणि रसद जमविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले होते. पण मग दोष माणसांच्या असण्याचा की रसदेच्या तुटण्याचा, हा प्रश्न उरतोच. सैन्यास खायला घालणाऱ्या, त्याचे जोडे शिवणाऱ्या, त्याच्या जनावरांस वैरण आणणाऱ्या माणसांना ओझे म्हणणे सोपे आहे. त्यांच्यावाचून एकही पलटण एक महिनाही उभी राहिली नसती, हे विंदोलांडाचे जोडे आणि हिशेब शिकवितात.

आपल्या छावण्यांविषयी लेखी साधने थोडी नाहीत. पेशवे दफ्तरात रसद, पगार आणि खरेदी यांचे कागद विपुल आहेत. दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर १८०९ साली हिंडलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपली पत्रे १८१३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. त्यांत त्या चालत्या नगरीतील बाजाराचे आणि रीतिरिवाजांचे वर्णन आहे. अर्थात ते परक्याच्या नजरेचे आहे. विंदोलांडाच्या एका पट्टीतही स्थानिक ब्रिटन लोकांना तुच्छतेने ‘ब्रिटुंकुली’, म्हणजे क्षुद्र ब्रिटन, असे संबोधिले आहे. जेत्याच्या टिपणातील तुच्छता वजा करून वाचावयाची सवय आपणास असली पाहिजे. ब्रॉटनने पाहिलेले लष्करच पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावले, आणि त्या शहरास ‘लष्कर’ हे नाव आजही चिकटून आहे. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले. पण गावाच्या नावात छावणी कायम राहिली.

आपल्या उष्ण हवेत कातडे आणि लाकूड टिकण्याची आशा थोडी, हे मान्य केले पाहिजे. परंतु बांगड्यांचे तुकडे, नाणी, चुलींची राख, मडक्यांची खापरे, नालांचे लोखंड आणि जनावरांची हाडे टिकतात, आणि त्यांच्यावरून काय खाल्ले, काय विकले गेले आणि तेथे बायका राहत होत्या की नाही, एवढे तरी निश्चित करता येते. त्यासाठी जुन्या मुक्कामांच्या जागा आधी ओळखल्या पाहिजेत. शेताचे नाव, विहिरीचे नाव, वस्तीचे नाव यांत त्या दडलेल्या असतात, आणि गावोगावचे शिक्षक हे काम कोणत्याही खात्यापेक्षा चांगले करू शकतील. सापडलेली वस्तू जागेवरून हलविण्यापूर्वी ती कोठे आणि कोणत्या थरात होती हे टिपून ठेवावे. कारण जागा हरवलेली वस्तू ही निम्मी मुकी असते. स्वतः खणण्याचा मोह मात्र टाळावा आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे.

या कामास घाईही आहे. विंदोलांडाच्या परिसरातील ओली माती बदलत्या हवामानामुळे कोरडी पडू लागल्याची चिंता तेथील संशोधक अलीकडे व्यक्त करीत आहेत. एकोणीस शतके जे टिकले ते हवा शिरताच काही वर्षांत नष्ट होऊ शकते. आपल्याकडे हेच काम नांगर, वीटभट्ट्या आणि नवी घरबांधणी करीत आहेत. सरदारांची नावे दफ्तरांत सुरक्षित आहेत. ज्यांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत, त्यांच्याविषयी बोलणारे एकच साधन उरते. ते म्हणजे त्यांनी टाकून दिलेली वस्तू. ती उचलून नीट पाहणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.