उणीव दाखवावी कशी? कापूरहोळच्या दूधलेकराची आणि शिवछत्रपतींच्या माणसांची गोष्ट

१/ पुणे–सातारा महामार्गावर, भोरकडे आणि सासवडकडे वाट फुटते तिथे कापूरहोळ लागते. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शंभूराजे जन्मले. आई सईबाईंची प्रकृती नाजूक. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ त्यांची दूधआई झाली. पुढे या मुलाच्या बळाची आणि दोषांची कसोटी खुद्द शिवरायांनाच घ्यावी लागली.

२/ शिवरायांना माणसांची पारख होती, हे सर्वजण सांगतात. अधिक अवघड प्रश्न पुढचा आहे: पारख झाल्यावर त्या माणसाला त्याची उणीव सांगायची कशी? चार प्रसंग पाहू. त्यांतील एक जिवावर बेतला.

३/ पहिला प्रसंग, जानेवारी १६७५. प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांनी आरमाराला द्यायची रसद वेळेवर पोहोचवली नाही. जंजिऱ्याचा सिद्दी समोर होता आणि पद्मदुर्गाचे काम चालू होते. महाराजांचे पत्र अत्यंत कठोर आहे. ब्राह्मण म्हणून मुलाहिजा राखला जाणार नाही, असे त्यात स्पष्ट बजावले आहे.

४/ मात्र पत्राची बांधणी पाहावी. कोणते काम राहिले, त्यामुळे शत्रूचा कसा लाभ होतो आणि आता काय करायचे, हे सारे त्यात आहे. दोष नेमका सांगितला की तो दुरुस्त करता येतो.

५/ दुसरा प्रसंग, १६७३. सरनोबत प्रतापराव गुजर यांनी उमराणीजवळ आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत पकडले. खान शरण आला आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. थोड्याच काळात तो पुन्हा चालून आला. शौर्य हे प्रतापरावांचे बळ. शत्रूच्या शब्दावर विसंबणे ही उणीव.

६/ महाराजांचा बोल तिखट होता. सल्ला का केला, असा जाब त्यांनी विचारला आणि बहलोलाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नये, असे कळवले, असे बखरी सांगतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ प्रतापराव फौजेची वाट न पाहता मोजक्या स्वारांनिशी खानावर तुटून पडले आणि मारले गेले.

७/ या बोलात दोष होता, पण तो भरून काढण्याची वाट नव्हती. स्वाभिमानी सेनानीने एकच अर्थ घेतला: जिंकणे किंवा मरणे. सरनोबती हंबीरराव मोहिते यांच्याकडे गेली. पुढे १६८० मध्ये महाराजांनी प्रतापरावांची कन्या राजारामांसाठी सून करून आणली. गेलेला माणूस मात्र परत आला नाही.

८/ तिसरा प्रसंग तंजावरचा. दक्षिण दिग्विजयानंतर सावत्र बंधू व्यंकोजीराजे खिन्न झाले, कारभारातून त्यांचे मन उडाले. महाराजांनी त्यांना लिहिलेले पत्र वडील भावाचे आहे. वैराग्याचे हे वय नव्हे, फौजेला रिकामे बसवून पोसू नका, पराक्रम करून दाखवा, असा त्याचा आशय.

९/ त्यात शहाजीराजांच्या कर्तृत्वाची आठवण आहे. म्हणजे उणिवेच्या शेजारीच बळ दाखवले आहे: तुम्ही कोणाचे पुत्र आहात, तुमच्या हातून काय होऊ शकते. इथे बोल लागतो, पण माणूस खचत नाही.

१०/ चौथा प्रसंग घरातला. डिसेंबर १६७८ मध्ये शंभूराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. एप्रिल १६७९ मध्ये खानाने भूपाळगड घेतला आणि कैद झालेल्या मराठ्यांचे हात तोडले. वर्षअखेरीस शंभूराजे पन्हाळ्यावर परतले. राज्याच्या दृष्टीने याहून मोठी चूक कोणती?

११/ जानेवारी १६८० मध्ये बापलेक पन्हाळ्यावर भेटले. सभासद बखरीनुसार महाराजांनी मुलाची समजूत काढली, राज्याची संपत्ती आणि विस्तार सांगितला आणि दोघा पुत्रांत राज्य विभागण्याची गोष्ट बोलून दाखवली. बखर नंतरच्या काळातली, राजारामांच्या आश्रयाने लिहिलेली. तरी त्यातला सूर लक्षात घ्यावा. स्वतंत्र कर्तृत्वाची ओढ हा मुलाचा निव्वळ दोष न ठरवता तिला कार्यक्षेत्र देण्याचा तो विचार होता.

१२/ त्यानंतर काही महिन्यांतच, ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले. पुढची नऊ वर्षे औरंगजेबाच्या प्रचंड फौजेला दख्खनेत झुंजवले ते याच मुलाने. ११ मार्च १६८९ रोजी त्याने मृत्यू पत्करला.

१३/ चारही प्रसंगांत पारख खरी होती. फरक पडला तो सांगण्यात. दोष नेमका असावा, त्याच्यासोबत माणसाचे बळही दाखवावे आणि परत येण्याचा रस्ता मोकळा ठेवावा. नेसरीच्या खिंडीत हा तिसरा भाग राहून गेला. पन्हाळ्यावर तो राहिला नाही. म्हणूनच धाराऊचे दूधलेकरू पुढे छत्रपती झाले.